काळा लसूण आणि सेक्रेटरीसाहेबांचं नाक

लसूण काळा करतात हे मला मोबाईलवर कळलं. मला बहुतेक सगळं मोबाईलवरच कळलंय. कांदा कसा चिरायचा तेसुद्धा. कॉलेजात जाऊन स्वयंपाक शिकलेल्यांकडे सर्टिफिकेट असतं, माझ्याकडे डाव्या हाताच्या बोटांवर खुणा आहेत. दोन्ही दाखवता येतात. फक्त माझं फ्रेम करता येत नाही.

तर काळा लसूण. अख्खे गड्डे घ्यायचे, बंद भांड्यात ठेवायचे आणि मंद, एकदम मंद उबेवर कित्येक आठवडे सोडून द्यायचे. शिजवायचं नाही, भाजायचं नाही. नुसती ऊब. कोंबडी अंड्यावर बसते तसं. हळूहळू पाकळी तपकिरी होते, मग काळीकुळकुळीत, मऊ आणि गोड. हो, गोड. व्हिडिओतला माणूस ती पाकळी तोंडात टाकून डोळे मिटत होता. त्याचं बघून मीही मिटले.

वासाबद्दल तो माणूस एक अक्षर बोलला नाही.

आता एवढा खटाटोप कशाला, तर मोठ्या शेगडीसाठी. आमच्या हॉटेलात मोठ्या शेगडीपाशी जो उभा राहतो तो राजा. बाकीचे आम्ही सगळे त्याच्या आजूबाजूला चिरणारे, सोलणारे आणि हळू आवाजात शिव्या देणारे. आमचा राजा बोटीवर नोकरी मिळाली म्हणून निघून गेला आणि गादी रिकामी झाली.

मालक मला म्हणाले, "मेव्हण्याच्या ओळखीचा एक माणूस आहे. उंच टोपी घालतो. त्याला पुढच्या महिन्यात बोलावलंय. पण तू घरचा. महिनाअखेरच्या रविवारी मला असं काहीतरी खायला घाल की मी ते आपणहून चार लोकांना सांगत सुटेन. जमलं तर शेगडी तुझी. नाही जमलं तर तू आहेस तिथे आहेस."

आहेस तिथे म्हणजे कांद्यावर.

मालकांनी माझे आधीचे प्रयोग खाल्लेले होते, त्यामुळे त्यांच्या आवाजात आशा कमी आणि काळजी जास्त होती. मी एकदा बिटाच्या रसाचा फेस करून सूपवर ठेवला होता. गिऱ्हाईकाने सूप परत पाठवलं, म्हणे भांडं नीट विसळलेलं नाही, साबण राहिलाय. मग मी आइस्क्रीमला लाकडाचा धूर दिला. एका बाईंनी ते अर्धं खाल्लं आणि फार सहानुभूतीने विचारलं, "फ्रिज जळला का हो तुमचा?" एका टेबलाला मी बटाटा मिठाच्या गोळ्यात बंद करून भाजून दिला होता, वर फोडायला छोटी हातोडी. गिऱ्हाईकाने हातोडी घातली आणि बटाटा शेजारच्या टेबलावर गेला. त्या टेबलाने तो खाल्ला. आवडला म्हणाले. पण बिल कुणाला लावायचं यावर जे झालं, त्यात बटाट्याची चव मागे पडली.

काळ्या लसणात उडण्यासारखं, फेसाळण्यासारखं काही नव्हतं. नुसतं थांबायचं होतं. थांबणं मला जमतं, मी बरीच वर्षं कांद्यावर थांबलोय.

भांडं म्हणून मी आईचा जुना राइस कुकर घेतला. त्याला भात झाल्यावर गरम ठेवायचं बटण असतं, तेवढंच मला हवं होतं. पहिल्या दिवशी आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही कुकर चालूच बघून म्हणाली, "आत काय हत्ती शिजतोय का रे?"

"आई, त्याला आठवडे लागतात."

"मग हत्तीच आहे."

तिसऱ्या दिवशी तिने कुकरसकट मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. मी तो माझ्या खोलीत नेला. एक रात्र झोपलो त्याच्याबरोबर. सकाळी माझ्या उशीला, शर्टाला, मोबाईलच्या कव्हरला लसणाचा वास. हॉटेलात पोरं म्हणाली, आज तू गिऱ्हाइकांच्या बाजूला जाऊ नकोस. शेवटी बाल्कनीत बाबांचं एक लोखंडी कपाट आहे, हत्यारांचं, पान्हे-बिन्हे ठेवायचं. त्याच्यामागे प्लग आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात कुकर बसला. दार लावलं. मला वाटलं, प्रश्न मिटला.

प्रश्न बिल्डिंगभर पसरला.

इथे बाबांबद्दल सांगायला पाहिजे. माझे बाबा आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. ते निवडून आले तेव्हा समोर कुणीच उभं नव्हतं, तरी ते त्याला विजय म्हणतात. पाण्याची टाकी, जिन्यातले दिवे, लिफ्टची कुरकुर, सगळं ते स्वतः बघतात आणि मनापासून बघतात. फक्त एक गोष्ट आहे, जी मला आणि आईलाच माहीत होती. काही वर्षांपूर्वी एका जबरदस्त सर्दीनंतर बाबांचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर आहे, त्यावर चष्माही बसतो, पण वास येत नाही. कसलाच नाही. डॉक्टर म्हणाले येईल परत. नाही आला.

बाबांनी हे बाहेर कुणाला कळू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, बिल्डिंगच्या निम्म्या तक्रारी वासाच्याच असतात. नाक नसलेल्या सेक्रेटरीला कोण विचारणार? म्हणून कुणी "काय मस्त वास सुटलाय" म्हटलं की बाबा "वा" म्हणायचे, आणि "शी, काय घाण येतेय" म्हटलं की लगेच रुमाल काढायचे. अंदाज चुकायचा नाही, कारण समोरच्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं.

आणि आमच्या समोरच्या दारात राहतात नाकवाल्या काकू. त्यांचं नाक म्हणजे... कुणाच्या घरी दूध उतू जाणार हे त्यांना दुधाच्या आधी कळतं.

कपाटाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी काकू आल्या. "सेक्रेटरीसाहेब, जिन्यात वास येतोय."

बाबांनी दारात उभं राहून दीर्घ श्वास घेतला. छाती भरून. मी मागे सोफ्यावर बसून मोबाईलमध्ये तोंड खुपसलं.

"येतोय," बाबा गंभीरपणे म्हणाले. "नक्कीच येतोय."

"कसला वाटतोय तुम्हाला?"

हा प्रश्न कठीण होता. बाबांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ड्रेनेज."

झालं. ड्रेनेज साफ करणारे आले. पाइप उघडले, झाकणं उघडली, त्यामुळे दोन दिवस खरोखरच ड्रेनेजचा वास आला. त्यात माझा लसूण कुणाला कळला नाही. ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात निवांत दिवस होते. मग झाकणं बसली आणि लसूण परत वर आला, आधीपेक्षा जोमाने.

वरच्या मजल्यावर शाळेतून रिटायर झालेले पीटीचे सर राहतात. ते म्हणाले, उंदीर मेलाय. कुठे ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण उंदीर मेलाय यावर ते ठाम होते. त्यांनी रोज सकाळी जिन्यात कापूर जाळायला सुरुवात केली. आता लसूण आणि कापूर. काकूंनी नाकाला पदर लावूनच घराबाहेर पडायचं ठरवलं. बाबा टॉर्च घेऊन गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत उंदीर शोधत हिंडत होते. त्यांचे गुडघे दुखतात. मी त्यांच्यामागे टॉर्च धरून हिंडत होतो, कारण मुलगा आहे, आणि कारण ते बाल्कनीतल्या कपाटाकडे वळले तर मला तिथे असणं गरजेचं होतं.

आई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "सांग त्यांना. माणूस जिने चढून चढून मरेल."

"थोडेच दिवस राहिलेत गं. रविवारी दाखवतो मालकांना, मग सांगतो."

"आणि तोवर?"

"तोवर उंदीर."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती नासलेल्या दुधाकडे बघते. पण बोलली नाही कुणाला. मोठी शेगडी तिलाही हवी होती. तिने नातेवाइकांना मी आधीच तिथे उभा आहे असं सांगून ठेवलेलं होतं.

आता खरी गंमत. गळती झाली तर कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम एक वास घालतात. तो वास काहीसा कुजक्या लसणासारखा असतो. हे मला आत्ता माहीत आहे. काकूंना तेव्हाच माहीत होतं. त्यांनी बाबांना न सांगता गॅस कंपनीला फोन केला. कंपनीचा इन्स्पेक्टर शुक्रवारी मशीन घेऊन आला, जिन्यात एक श्वास घेतला आणि बिल्डिंगचा मुख्य कॉकच बंद केला. सगळ्या घरांचा.

मग त्याने प्रत्येक घरी मशीन फिरवलं. मशीन गप्प. त्याचं नाक मात्र वळवळत होतं.

"गळती नाही," तो म्हणाला. "पण वास आहे."

"मग चालू करा की गॅस," बाबा म्हणाले.

"तक्रार बंद झाल्याशिवाय करता येत नाही, साहेब."

बाबांनी कंपनीला फोन लावला. स्पीकरवर. मी शेजारी बसलेलो.

"तुमची तक्रार गळतीची आहे, सर," पलीकडून एक गोड आवाज म्हणाला. "गळती बंद झाली का?"

"गळती नाहीच आहे, ताई."

"म्हणजे अजून सापडली नाही."

"नाही म्हणजे नाहीच. मशीननं बघितलंय."

"बरोबर आहे सर, पण तक्रार बंद व्हायला गळती बंद व्हावी लागते. आणि बंद व्हायला आधी ती सापडावी लागते. सापडली की फोन करा, लगेच चालू करतो."

बाबांनी फोन ठेवला.

शुक्रवारी रात्री अख्ख्या बिल्डिंगने ब्रेड खाल्ला. शनिवारी सकाळी ब्रेड-जॅम, दुपारी ब्रेड-काकडी. लोक जिन्यात बाबांना टाळून जायला लागले. पीटीचे सर मोठ्याने म्हणाले, "नेतृत्व बदलावं लागेल." ते कुणाला उद्देशून नव्हतं, पण जिन्यात बाबा एकटेच होते.

आणि मी? शनिवारी सकाळी माझा लसूण तयार झाला. काळाभोर, मऊ, चमकदार. एक पाकळी खाल्ली आणि त्या व्हिडिओवाल्या माणसाचे सगळे गुन्हे माफ केले. सगळ्या पाकळ्या सोलल्या, दोन-चार एका छोट्या डबीत भरून फ्रिजमध्ये टाकल्या, चव गार झाल्यावर कशी लागते ते बघायला. बाकीच्या कुकरमध्येच ठेवल्या, मऊ राहाव्यात म्हणून. रविवारी लोण्यात घोटायच्या, भाजलेल्या पावावर लावायच्या. बास. मग हॉटेलात गेलो.

संध्याकाळी परत आलो तर जिन्याखाली सगळी बिल्डिंग जमलेली. मीटिंग. बाबा तिसऱ्या पायरीवर उभे, खाली बाकीचे, आणि कडेला इन्स्पेक्टर त्याचं मशीन घेऊन. पोट रिकामं असलेल्या माणसांची मीटिंग कशी असते हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

"मंडळी," बाबांनी सुरुवात केली, "आपण सगळ्यांनी धीर..."

पहिल्या रांगेतले दोघे मागे सरकले.

"...धीर धरायचा आहे. वास कुठून येतोय याचा मी स्वतः..."

अजून तिघे सरकले. बाबांना वाटलं लोक चिडलेत. ते एक पायरी खाली उतरले आणि आवाज चढवला. गर्दी दारापर्यंत गेली. फक्त काकू जागच्या हलल्या नाहीत. त्या उलट पुढे आल्या. नाक वर, डोळे बारीक. बाबांच्या अगदी समोर येऊन थांबल्या.

"सेक्रेटरीसाहेब," त्या म्हणाल्या, "वास तुमच्या तोंडातून येतोय."

इन्स्पेक्टरने सवयीने मशीन बाबांच्या तोंडासमोर धरलं आणि मग स्वतःच लाजून खाली घेतलं.

"शक्य नाही," बाबा म्हणाले. "मी दुपारपासून काही खाल्लेलं नाही. खजूर सोडून."

"कुठले खजूर?" आई मागून म्हणाली.

"तूच ठेवलेस ना? बाल्कनीतल्या कपाटात. मी पान्हा काढायला गेलो तर कुकरचा दिवा चालू. म्हटलं, सकाळी ब्रेडवरून बोललो म्हणून हिने गुपचूप काहीतरी गरम ठेवलंय माझ्यासाठी. बिनबियांचे खजूर. छान होते."

आईने माझ्याकडे बघितलं. काकूंनी आईकडे बघितलं होतं, मग त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच. खरं तर मी तिथे शरमेने मान खाली घालायला हवी होती. पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "बाबा, किती उरलेत?"

"उरवायचे होते का?" बाबा म्हणाले.

मी पायरीवर बसलो. सगळं सांगितलं. मोठी शेगडी, मालक, ऊब, आठवडे. पीटीचे सर म्हणाले, "म्हणजे उंदीर नव्हता," आणि फार उदास झाले.

पण काकूंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या बाबांकडेच बघत होत्या. "लसूण खाल्लात आणि तुम्हाला कळलं नाही? तोंडाशी नेताना?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "मला वास येत नाही, वहिनी. बरीच वर्षं झाली."

"मग मी इतक्या वेळा तक्रार घेऊन आले. दरवेळी तुम्ही म्हणालात, हो, येतोय."

"तुम्ही सांगत होतात ना. तुमच्यावर विश्वास होता."

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आधी सांगायचं होतं. मी येऊन सांगून गेले असते, कुठे काय येतंय ते. दिवसातून एकदा."

"तशा तीनदा येताच," आई म्हणाली, पण प्रेमाने.

इन्स्पेक्टर शहाणा निघाला. त्याने तिथूनच कंपनीला फोन लावला. "गळती सापडली. दुसरा मजला. हो, बंद केलीय." बाबांनी लगेच रुमालाने तोंड झाकलं. थोड्या वेळात सगळ्या मजल्यांवर शेगड्या पेटल्या आणि कांदा परतल्याचा वास जिन्यातून वर गेला. काकूंनी बाबांना सांगितलं, "कांदा आहे. चांगला आहे." बाबा "वा" म्हणाले.

माझ्याकडे मात्र फ्रिजमधली डबी होती. त्यात चार पाकळ्या. चार. एक महिना, एक ड्रेनेज, एक न मेलेला उंदीर आणि बिल्डिंगभर ब्रेड, आणि हातात एका माणसाला पुरेल एवढं लोणी.

रविवारी सकाळी मी निघालो तर बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मी येतोय."

"कशाला, बाबा?"

"माल मी खाल्लाय. कमी का आहे ते मालकांना मीच सांगायला हवं."

नको नको म्हणत होतो, ऐकलं नाही. सेक्रेटरी आहेत.

हॉटेल बंद होतं. मी आत पाव भाजत होतो, पाकळ्या लोण्यात घोटत होतो, वर मिठाचे चार कण. खिडकीतून बघत होतो. बाहेर बाबा मालकांसमोर ताठ बसलेले आणि काहीतरी बोलत होते. मालक मागे झुकत नव्हते. उलट पुढे झुकत होते, नाक फुलवून. बाबा रात्रभर दात घासत होते, तरी.

मी प्लेट ठेवली. मालकांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घास नव्हताच, प्लेटवर लोण्याचा ओघळ होता, तो त्यांनी बोटाने पुसून घेतला. मग बोटाकडे बघितलं.

"अजून?"

"नाही," मी म्हणालो. गेलीच शेगडी, मनात म्हटलं. उंच टोपीवाला आला.

"होतं," बाबा म्हणाले. "मी खाल्लं. खजूर समजून."

मालक बाबांकडे वळले. "कसं लागलं?"

मला वाटलं बाबा आता "वा" म्हणणार. इतकी वर्षं तेच म्हणत आलेत, सगळ्या गोष्टींना, माझ्या प्रत्येक पदार्थालासुद्धा, आणि मी दरवेळी खरं मानत आलोय. पण बाबांनी विचार केला.

"मला वास येत नाही, साहेब," ते म्हणाले. "त्यामुळे जेवण म्हणजे माझ्यासाठी आता नुसतं गरम, गार, तिखट, खारट. पोट भरतं. याला मी किती चांगलं म्हणू? मला अर्धीच चव कळते. पण एक सांगतो. पान्हा काढायला गेलो होतो, उभ्या उभ्या एक खाल्ला आणि मग हात थांबला नाही. पान्हा तिथेच राहिला."

मालकांनी मोबाईल काढून मेव्हण्याला फोन लावला आणि म्हणाले, "अरे, तो टोपीवाला राहू दे. माझ्याकडचा एक पोरगा आहे. काय बनवतो सांगू?" आणि सांगत सुटले. मेव्हण्याने मध्ये दोनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केलेला मला ऐकू आला. जमलं नाही त्याला.

शेगडी माझी झाली. एक अट आहे, लसूण हॉटेलात काळा करायचा नाही. ते कुठे करायचं यावर बिल्डिंगची मीटिंग व्हायचीय. पीटीच्या सरांचा विरोध आहे. बघू.

परत येताना बस भरलेली होती. आम्ही आत शिरलो, बाबा कंडक्टरशी चार शब्द बोलले आणि आमच्याभोवती हळूच मोकळी जागा झाली. मग एक सीट रिकामी झाली. बाबा बसले. त्यांनी मागे टेकून आजूबाजूला बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी उभाच होतो.

"खिडकी हवी का तुला?" बाबांनी विचारलं.

"चालेल," मी म्हणालो.

बाबा खिडकीशी बसलेल्या गृहस्थांकडे वळले, जरा जवळ सरकले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "भाऊ, किती वाजले हो?"

त्यांनी वेळही सांगितली आणि जागाही दिली.